मामूंच्या गोधडीतलं सत्त्व

आमच्या घराण्यात बियर करायला घेणारा आजवर एकच माणूस निघाला, तो मी. आणि तीही रमजानच्या महिन्यात, मामूंच्या गोधडीत गुंडाळून.

गोष्ट दोहाची, साठ सालाच्या आसपासची. तेल कंपनीतल्या एका गोऱ्या इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर माझे करीममामू खानसामा होते आणि त्यांच्या शब्दावर साहेबांनी मला हाताखाली ठेवून घेतलं होतं. माझं शिक्षण मराठी चौथी. (पाचवीच्या वर्गातही मी काही दिवस बसलो होतो, पण मास्तरांनी ते धरलं नाही.) खेडकडच्या गावातून बोटीने आलेला, सही जेमतेम करणारा मी, आणि मला पगार, कपडे आणि वर रोज सकाळी 'गुड मॉर्निंग'! साहेबांविषयी मला इतकी कृतज्ञता वाटायची की ते शिंकले तरी मी 'थँक्यू सर' म्हणायचो. आणि धाक असा, की त्यांनी काहीही करायला सांगितलं तरी 'कशाला?' हा प्रश्न माझ्या घशातच राहायचा.

त्याच दिवसांत मामूंनी माझ्या लग्नाचं मनावर घेतलं होतं. तिथल्या बाजारात, सूकमध्ये, धान्याचं दुकान असलेले हाजी दाऊद आमच्याच बाजूचे. त्यांची मुलगी जुबेदा गावी होती, सातवी पास. सातवी! मी तिच्यापेक्षा तीन इयत्ता खाली उभा होतो. हाजीसाहेब मला बघायला एका संध्याकाळी इफ्तारला येणार होते.

"तोंड कमी उघड," मामू मला बजावत. "शिक्षणाचं विचारलं तर खोक. आणि लक्षात ठेव अब्बास, हे स्थळ गेलं तर दुसरं मी शोधणार नाही. माझ्यात आता ताकद नाही."

आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी जवाचं पोतं आणून माझ्यासमोर ठेवलं. त्यांचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं, पण हात कळायचे. हात म्हणाले: भिजव, पसर, मोड आण.

"येस सर! मटकीसारखे?"

साहेबांना मटकी ठाऊक असायचं कारण नव्हतं, तरी त्यांनी आनंदाने मान हलवली.

मोड आणणं! माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला येणारी गोष्ट कुणीतरी विचारली होती. आमची आई नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करायची. दात न आलेल्या पोरांना आणि दात पडलेल्या म्हाताऱ्यांना. साहेब अंगाने काडीसारखे, आणि जेवल्यावर सारखे पोटावरून हात फिरवायचे. मी लगेच ताडलं, यांना डॉक्टरने सत्त्व सांगितलंय!

मामूंना सांगितलं, तर तेच हळहळले. "माझ्या मसाल्यानेच गेलं असणार बिचाऱ्याचं पोट." आणि त्या दिवसापासून त्यांनी कटलेटमधली मिरची निम्म्यावर आणली.

मोड असे आले म्हणता! गच्चीवर वाळवले, तव्यावर शेकले, चोळून मुळं काढली, मामूंच्या खलबत्त्यात भरड कुटली. पुढे ते गरम पाण्यात कालवायची वेळ आली, तेव्हा बंगल्याच्या स्वयंपाकघरात मेमसाहेबांनी एकदाच वास घेतला आणि पातेलं, ताप मोजायची असते तसली साहेबांची काचेची नळी आणि साहेब, तिघांनाही बाहेर काढलं. म्हणून सगळं बिऱ्हाड बंगल्यामागच्या आमच्या खोलीत आलं. पातेलं कसलं, लग्नातली डाळ शिजेल एवढं! साहेब नळी बुडवून बघत, मान हलवत, पुन्हा बुडवत. पाणी निवून चालत नव्हतं, कढूनही चालत नव्हतं.

मला एकदम सुचलं. मामूंची गोधडी ओढली आणि पातेल्याला गळ्यापर्यंत गुंडाळली. साहेबांनी थोड्या वेळाने नळी बघितली आणि माझा हात हातात घेऊन हलवला! (मामूंची गोधडी त्यानंतर कायम पेजेसारखी वास मारायची, पण तेव्हा मला इतिहास घडल्यासारखं वाटलं होतं.)

मग गाळणं झालं. गाळलेलं पाणी साहेबांनी चुलीवर उकळत ठेवलं आणि विलायतेहून आलेल्या पुडीतली वाळकी हिरवट फुलं त्यात टाकली. वास कडू. आता तर शंकाच उरली नाही. आमच्याकडे काढ्यात काडेचिराईत टाकतात, यांच्याकडे फुलं टाकत असतील!

आता कुणी विचारील, साहेबांनी हे काय चाललंय ते एकदा तरी सांगायचं की नाही? तर आमचे रोजे चालू, मामू पाच वक्ताचे नमाजी, बाटलीच्या ट्रेला हातसुद्धा न लावणारे. त्यामुळे साहेबांना सांगायला भीड वाटली. मी भीतीने विचारलं नाही, त्यांनी भिडेने सांगितलं नाही. आणि इतक्या सभ्य माणसांनी मिळून ते पातेलं हाजीसाहेब येणार होते त्याच संध्याकाळी आमच्या खोलीत निवत ठेवलं. साहेब टेनिस खेळायला गेले.

हाजीसाहेब आले ते सहा जणांना घेऊन! धान्याचा व्यापारी, नमुना एकट्याने पास करत नाही. सगळे खोलीच्या पुढच्या भागात सतरंजीवर बसले. खजूर, भजी, फळं मांडली. मी गुलाबाचं सरबत केलं होतं, भला मोठा जग भरून. अजानला थोडाच वेळ राहिला असताना मामू आत चुलीपाशी आले, जगाशेजारच्या डब्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अब्बास, सरबत कुठल्या पाण्याचं केलंस?"

"त्या डब्यातल्या."

"मेल्या, ते मचूळ पाणी! भांडी घासायचं! गोड्या पाण्याचा डबा तो पलीकडचा!"

पलीकडचा डबा मी हलवून बघितला. रिकामा. गोडं पाणी सगळं साहेबांच्या सत्त्वात गेलं होतं.

पुढून हाजीसाहेबांचा आवाज: "करीमभाई, मुलगा दिसत नाही तो?"

"सरबत करतोय! स्वतः करतोय!" मामू ओरडले आणि माझ्याकडे बघून कुजबुजले, "आता काय देऊ यांना? समुद्र?"

दोघांची नजर एकदमच पातेल्याकडे गेली. सोनेरी रंग, मधासारखा वास. रोजा असल्यामुळे चाखणं शक्य नव्हतं.

"साहेबाचं औषध आहे ओ मामू."

"एवढं औषध एका माणसाने घेतलं तर फुटेल तो! काढ दोन तांबे. जव म्हणजे बरकतीचं धान्य. चल, यल्ला!"

अजान झाली. हाजीसाहेबांनी खजूर तोंडात टाकला, वर पेला लावला. त्यांनी डोळे मिटले. उघडले. पेला पुढे केला. "अजून."

मग सातही जणांनी 'अजून' म्हटलं. दोन तांब्यांचे चार झाले, चारांचे किती झाले ते मामूंनी मोजू दिलं नाही. हाजीसाहेब टेकून बसले. "गोड आहे, पण मागे जरा कडवट. पोट कसं शांत झालं! काय म्हणायचं याला?"

"जवाचं सत्त्व. मुलाने स्वतः मोड आणून केलंय," मामू म्हणाले. त्यांची छाती माझ्यामुळे फुगलेली मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिली. "शाळेत फार नाही राहिला, पण हाताला गुण आहे."

आणि दारात साहेब उभे! टेनिसची चड्डी, हातात एक चपटी पुडी. मेहमान बघून त्यांनी सगळ्यांना सलाम केला, पातेल्याचं झाकण उचललं, आत वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि स्वच्छ हिंदीत विचारलं:

"मेरा बियर किधर है?"

साहेबांचं एवढं चांगलं हिंदी मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

एक जण तोंडावर हात दाबून मोरीकडे धावला. मामू "तौबा, तौबा" करत भिंतीला टेकले. हाजीसाहेबांच्या हातातला पेला (चौथा) तिथेच थबकला. माझ्या डोळ्यांपुढून नोकरी, जुबेदा आणि मुंबईला जाणारी बोट एकामागून एक गेली.

"सर... बियर? दिस?" मी पातेल्याकडे बोट केलं.

साहेबांनी चेहरे बघितले, पेले बघितले आणि त्यांना घाम फुटला. "नहीं, नहीं! अभी बियर नहीं! अभी खाली जव का पानी!" त्यांनी पुडी नाचवली. "ये डालेगा, तब बियर! हफ्ता बाद!"

"नोकरांना वाचवायला बोलतोय," मोरीजवळून आवाज आला.

हाजीसाहेबांनी हात पुढे केला. पुडी घेतली, उलटीसुलटी केली, कडा दिव्याजवळ धरून तपासल्या, हुंगल्या. "खमीर आहे. मी बेकरीवाल्यांना विकतो तसंच. आणि पुडी फोडलेली नाही." मग सतरंजीवरच्या मंडळींकडे वळून म्हणाले, "खमीर पडल्याशिवाय पाव फुगत नाही, तर हे कशाने चढेल? बसा. काही झालेलं नाही."

मोरीवाला परत आला. साहेबांनी कपाळ पुसलं आणि रिकाम्या पातेल्याकडे बघत बिचाऱ्यासारखं विचारलं, "कैसा था?"

"अव्वल था साहब," हाजीसाहेब म्हणाले. "इसमें कुछ मत डालना. ऐसाच छोड दो."

साहेब हसत सुटले, तेव्हा माझी नोकरी राहिली हे मला कळलं. पण मामूंच्या तोंडावर रंग नव्हता. त्यांनी धीर करून विचारलं, "हाजीसाहेब... मग मुलाचं?"

हाजीसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "करीमभाई, जावई लबाड निघेल अशी मला धास्ती होती. ती आज मिटली. इतके दिवस स्वतःच्या हाताने बियर करून ज्याला पत्ता नाही, तो माझ्या मुलीला काय फसवणार? दोघांना पुरेल एवढी अक्कल तिच्याकडे आहे. तारीख काढा."

सगळे हसले. मीही हसलो, आणि उठून हाजीसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरून तीन वेळा 'शुक्रन' म्हणालो. त्यांनी माझी केवढी तारीफ केली, हे निकाहानंतर मी जुबेदाला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द तिने मला समजावून सांगितला.