काळ्या पँटचं अस्तर

दादा, तुला राग आला तरी स्पष्टच लिहिते. तू एवढा नावाजलेला शिंपी, पण शेवटी सगळं कसब आजार लपवण्यात घालवलंस. प्रोस्टेटची गाठ वाढली आणि लघवी थेंबथेंब गळायला लागली, तशी तू स्वतःसाठी फक्त काळ्या पँट शिवू लागलास, आतून जाड अस्तर लावून. दुकानात संडास नव्हता, म्हणून दिवसभर पाणीही सोडलंस. वहिनीला वाटायचं, म्हातारपणी नटायची हौस आली.

तुझे कपडे वाळत घालताना ते अस्तर माझ्या हाताला लागलं आणि मला खरं काय ते कळलं.

"डॉक्टरकडे चल. मी येते सोबत."

"धाकट्या बहिणीसमोर पँट उतरवू?"

"मी बाहेर बसेन रे, शहाण्या! मला काय हौस आहे?"

हसलास आणि सोमवारी जाऊ म्हणालास. सोमवारी मी चपला घालून दारात उभी, तर तुझा निरोप आला: गिऱ्हाईकाचा कोट राहिलाय, पुढच्या सोमवारी नक्की. तो सोमवार पुढेच जात राहिला.

आज लघवी तुंबून तुझी दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. आता ऑपरेशन केलं तरी ती सुधारणार नाहीत, असं या हॉस्पिटलातले डॉक्टर सांगतात. आपण दोघांनी मिळून डॉक्टरकडे जायचं मात्र राहूनच गेलं.