गरम पाण्याची नानी

नानी भेटली का पैलं हेच विचारायची, "काय राह्यलं गं?" जेवलीस का, लेकरू बरं हाय का, असलं काही न्हाई. गिरणीवर, नळावर, कुठंबी. नव्या सुना हसायच्या. जुन्या बाया मात्र जल्दी निघून जायच्या, कारण हसनाबादजवळच्या आमच्या गावात मेलेल्या बायांना शेवटची आंघोळ नानीच घालायची, अन हाच सवाल त्यांनाबी करायची.

मी ऐकलंय ते. माझी चुलतसासू वारली तवा साड्यांचा आडोसा धरून मीच उभी होते. कोणीतरी हौदातलं थंड पाणी आणलं. नानी भडकलीच, "मेल्यावर बी थंडच का? जन्मभर आधी गडी न्हाले, मंग पोरं न्हाली, उरलं ते हिनं घेतलं. चूल पेटवा." पाणी तापल्यावर तिनं कोपर बुडवून बघितलं, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना बघतात ना, बराबर तसं. मंग हळूच म्हन्ली, "काय राह्यलं गं माय तुझं?" भोकरदनला बहिणीकडं जायचं राह्यल्तं. सगळ्यांला माहीत होतं.

अशा बाईला गावानं कधी घरातल्या कपात चहा दिला न्हाई. कागदाच्या पेल्यात, तेबी उंबऱ्याच्या भाईर. बारशाला बोलावणं न्हाई, हळदीला न्हाई. मयत झाली का मात्र पळत यायचे, नानी चला, नानी चला. ती म्हणायची, "मला भ्याता अन मरणाला इसरता. उलटं करा की."

मी तर सगळ्यालाच भीते. माझ्या लेकीच्या, चिऊच्या येळंला मला दम लागायला लागला, जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं का हृदयाचा वॉल खराब हाय, ऑपरेशन करा, तवर दुसरं लेकरू बिलकुल न्हाई. सासू म्हन्ली, "पैलं पोरगं होऊ दे, मंग बघू." नवरा म्हन्ला, आई म्हणते तसं. मी गप. एकदा हंडा घेऊन येताना नानीच्या ओट्यावर बसले धापा टाकत, तिनं विचारलं अन मी सगळं सांगून टाकलं. ती तडक आमच्या दारात. सासूला म्हन्ली, "हिला न्हाऊ घालायला मला बोलवू नका, पैलंच सांगून ठेवते. तुमचं तुम्हीच घाला. चिऊला बी उभी करा समोर, बघू द्या तिला." सासूनं लई शिव्या दिल्या, अपशकुनी म्हन्ली. जाता जाता नानी माझ्यावर बी खेकसली, "तुला तोंड दिलंय का न्हाई देवानं?"

तिची एकुलती लेक वाटूरला दिलेली. कवाचं तरी भांडण, येणंजाणं बंद. मी एकदा उलटं विचारलं, "नानी, तुमचं काय राह्यलं?"

"वाटूरला जायचंय. जाईन ना."

सगळ्या गावाच्या मागं लागणारी बाई, अन सोता जाईन ना म्हणत राह्यली.

ह्या थंडीत नानी गेली. लेक आली वाटूरहून, कोपऱ्यात उभी राहून नुसती रडून राह्यल्ती. आंघोळीला कोणी पुढं होईना. सगळ्या बाया पदर तोंडाला लावून दारात. एकीनं थंड पाण्याची बकेट सरकवली, "उरका जल्दी." माझ्यात कुठून आलं कोण जाणे, मी चूल पेटवायला बसले. सासू दारातून वरडली, "अगं, चिऊ अजून अंगावर पेते तुझ्या, घरी चल!" मी फुकत राह्यले, दम लागून डोळ्यांपुढं अंधारी आली तरी. कोपर बुडवून बघितलं, मंग न्हाऊ घातलं. काय राह्यलं ते विचारलं न्हाई. ते कोपऱ्यात उभं होतं.

घरी आले तर सासूनं अंगणातच बकेट ठेवल्ती. "शिवू नको कशाला. भाईरच न्हा." हात घातला तर बर्फ. मी ते पाणी पातेल्यात वतलं अन अंगणातल्या चुलीवर ठेवलं.

"उद्या जालन्याला चालले," म्हन्ले. "दवाखान्यात. चिऊला घेऊन."

"अन पोरगं?"

"माझं राह्यलंय ते आधी."

सासू लई बोलली, नवऱ्याला बी हाक मारली. मी पाण्यात कोपर घातलं. अजून तापलं नव्हतं, अजून एक लाकूड सारलं.