आभाळाचा कौल

लवू गुरवाला नको तिथे नाक खुपसायची खोड होती, पण माणसांच्या भानगडीत नव्हे, देवाच्या. पालीजवळच्या त्याच्या गावात ग्रामदेवी नवलाईची पूजा त्याच्या घराण्याकडे. देवीला गाऱ्हाणं घालावं, कौल लावावा, पानात पडेल ते खावं, एवढ्यावर त्याच्या बापाचं आयुष्य सुखात गेलं होतं. लवूला ते जमलं नाही. समुद्र खारट करून देवाला काय मिळालं, फणसाला एवढे काटे कोणासाठी, असलं काहीतरी त्याच्या डोक्यात सदा शिजत असे. त्याची बायको हिरा म्हणायची, "देवीची चाकरी करताव की उलटतपासणी?"

एकोणीसशे एकतीस साली, गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं, तेव्हा शाळेचे काशीराम मास्तर देवळाच्या पायरीवर टेकले आणि सहज बोलून गेले. सूर्यात आपल्यासारख्या तेरा लाख पृथ्व्या मावतील, आणि काही चांदण्या इतक्या लांब आहेत की आज दिसतो तो त्यांचा उजेड निघाला तेव्हा लवूचं लग्नसुद्धा झालं नव्हतं! मास्तर घरी जाऊन जेवून झोपले असतील. लवूची झोप मात्र उडाली.

एवढ्या मोठेपणाची त्याला भीती वाटली नाही. त्याला कारण हवं होतं. देवीच्या गावात घरं साठ. साठ घरांच्या जेवणावळीला कोणी रत्नागिरीपर्यंत मांडव घालतं का? भटजी म्हणाले, "लीला आहे ती." लवू म्हणाला, "खेळाया येवडं आंगण?" भटजींनी पंचा झटकला आणि चालू लागले.

त्याहूनही एक गोष्ट त्याला टोचत होती. गाऱ्हाण्यात तो बापजाद्यांचेच शब्द म्हणे: गावाच्या चारी शिवांच्या आत आईनं लेकरांची राखण करावी. आता शिवेबाहेर एवढं अफाट पडलंय, तर तिथे गेलेल्यांची राखण कोणी करायची? ते शब्द आले की त्याची जीभ अडखळू लागली.

अशात मंगळवारी गावातली गुणवंती कौलाला आली. तिचा एकुलता दत्ताराम मुंबईला गिरणीत होता. शिमग्यापासून त्याचा कागद नव्हता. गणपतीला गावची सगळी पोरं आली, तो आला नाही. त्यानं खोली बदलली एवढंच बरोबरीच्यांना ठाऊक होतं. पोर आहे की नाही, इतकंच तिला देवीला विचारायचं होतं. सकाळपासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं.

लवूनं देवीला न्हाऊ घातलं आणि पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना फुलांचे भिजवलेले कळे चिकटवले. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. मग गुणवंतीचं गाऱ्हाणं घालायचं, तर त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं: "आई, येवडं आभाळ कशाला केलंस?"

झालं! याचं उत्तर उजव्या-डाव्यात कुठून येणार? कळे चिकटले ते चिकटलेच. आणि रीत अशी की लावलेले कळे हातानं काढायचे नाहीत, त्यातला एक पडेपर्यंत दुसऱ्या कोणाचं विचारायचं नाही. तीस वर्षं कौल लावणाऱ्या गुरवानं नवशिक्यालाही शोभू नये अशी चूक केली होती. ऊन उंबरठ्यावर आलं. गुणवंती खांबाला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. तिच्याकडे पाहून लवूला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"लवूदा, आई माज्यावर रागावली काय?" तिनं विचारलं.

"तुज्यावर नाय, वयनी. मीच खुळ्यावानी इचारलं." आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. मास्तरांचा सूर्य, चांदण्या, गावाच्या शिवा, काही ठेवलं नाही.

गुणवंतीनं ते नीट ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "येवडं मोठं? मंग त्यात माणूस हरवायचाच."

लवू चपापला. इतके दिवस त्याला जे खुपत होतं ते हेच होतं, फक्त असं चार शब्दांत सांगता आलं नव्हतं. तो उठून देवीपुढे उभा राहिला. बापजाद्यांचे शब्द त्यानं बाजूला ठेवले.

"आई, येवडं केलंस ते आमी हरवावं म्हणून काय? तुज्या नजरेआड व्हावं म्हणून काय? व्हय तर व्हय सांग, नाय तर नाय."

डावा कळा पडला.

वाऱ्यानं पडला म्हणा, सुकून पडला म्हणा. पुढे लवूनंही तसं म्हणून पाहिलं, त्याचा स्वभावच तो. पण त्या वेळी त्यानं पडलेला कळा उचलून कपाळाला लावला. आभाळ एवढं का केलं ते त्याला अजून कळलं नव्हतंच, उलट आणखी दहा प्रश्न तयार झाले होते. त्यानं घाईघाईनं नवे कळे भिजवायला घेतले.

"चल वयनी, आता तुजं इचारतो. दत्तारामाचं."

गुणवंतीनं देवीपुढे डोकं टेकलं, पदर सावरला आणि उठली.

"माजं इचारून झालं," ती म्हणाली, आणि भात शिजवायला घरी गेली.