भाऊजी चालायला लागले

माझ्या भाऊजींइतका चालण्याचा कट्टर विरोधक अख्ख्या पांढरकवड्यात सापडायचा नाही. समोरच्या दुकानातून दुधाची पिशवी आणायची तरी ते स्कूटर काढत. एका लग्नात तर मांडवापासून पंगतीपर्यंत त्यांना गाडीवर जाताना मी पाहिलंय. कोणी हसलं की म्हणत, "मंग गाडी कायले घेतली?" तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांचे पाय फक्त चपला घालण्यापुरते उरले होते.

मग ताईची साखर वाढली. पायाच्या बोटाची जखम दोन महिने भरेना. कशीबशी भरली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, रोज अर्धा तास चाला, साखर उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी बोट वाचायचं नाही. ताई एकटी निघायला तयार होईना. काम ना धाम, ही बाई रस्त्यानं कायले फिरते, असं लोक म्हणतील, हे तिचं पालुपद. संध्याकाळी भाऊजी दोघांसाठी बूट घेऊन आले.

पहिल्या दिवशी मीही सोबत होतो. भाऊजींचा दंडक असा, की चालता चालता जयभीम करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. दोन्ही पाय थांबवायचे, हात जोडायचे, घरादाराची विचारपूस करायची आणि मगच पुढं व्हायचं. वस्तीत ओळख तर दारोदार. अर्ध्या तासात आम्ही सहा घरं ओलांडून विहारापर्यंत पोचलो आणि तीन ठिकाणी चहा झाला. ताईनं बिनसाखरेचा मागितला, तर हे म्हणाले, "तिच्या वाटची माह्या कपात टाका." दुसऱ्या दिवसापासून ताईनं वस्ती उठायच्या आत, शेताकडच्या रस्त्यानं जायचं फर्मान काढलं.

महिन्याभरानं मी पुन्हा गेलो, तोवर ताईची साखर बरीच उतरली होती. सकाळी तिघं निघालो. आमच्याकडे नवरा दहा पावलं पुढं आणि बायको मागं, हीच रीत. इथं मात्र ताई झपाझप पुढं आणि भाऊजी धापा टाकत मागं. मी चिडवलं, तर हळूच म्हणाले, "मागच्या येळी काटा रुतला, तरी तिच्या बधीर पायाले समजलं नाही. मागं राह्यलं की तिचं पाऊल कसं पडते ते दिसते."

आमच्या बाबांना या जावयाची शेवटपर्यंत खात्री वाटली नव्हती. त्या सकाळी ते हवे होते, असं फार वाटलं.