वलवणच्या घरी आलेल्या दोघी

प्रार्थनेला बसलं की माझ्या मनात आधी एक भांडण उभं राही. मी जन्माने कॅथलिक. माहेर मूळचं वसईकडचं, वडील लोणावळ्याला रेल्वेत फिटर. लग्न केलं ते वलवणच्या मिशनशाळेतल्या मास्तरांशी, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळीतल्या माणसाशी, आणि तेही त्यांच्या प्रार्थनामंदिरात. त्या दिवसापासून आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांच्या लेखी मी गेलेली, आणि इकडच्या मंडळीच्या लेखी मी अजून पुरती आलेली नव्हते. वाईट कुणीच वागलं नाही. दोन्हीकडचे लोक वाटेत भेटले की गोड बोलत. पण गोड बोलणं वेगळं आणि घरात येऊन चुलीपाशी बसणं वेगळं. मी मुळातच फटकळ, त्यामुळे मीही कुणाला या म्हटलं नाही. रात्री डोळे मिटले की मात्र वाटे, देव तरी मला कुठल्या बाजूची समजत असेल?

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. पाऊस ओसरता ओसरता मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या तापाची, साथ घाट चढून वर आली आणि बघता बघता घरंच्या घरं आडवी झाली. बाजार बंद पडला, शाळा बंद पडली, खंडाळ्याच्या बंगल्यांना कुलपं लागली. तेव्हा एरवी एकमेकांच्या फाटकासमोरून मान खाली घालून जाणारी आमची दोन्ही देवळं पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. पण बोलली ती कशी, तर दोन भाऊ वाटणी करताना बोलतात तशी! आपापली माणसं आपण बघायची, दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याला ओशाळं करायचं नाही, असं ठरलं. कॅथलिक घरांत पेज आणि औषध पोचवायचं काम देवळात घंटा वाजवणाऱ्याची बायको फिलोमिनामावशी करी. प्रॉटेस्टंट घरं त्यांच्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, पत्नी राहेलबाईंनी घेतली. दोघीही राबत होत्या, त्यात शंका नाही. पण या चोख वाटणीतून एक घर निसटलं, ते आमचं.

आधी मास्तर पडले आणि त्यांचं करता करता मीही पडले. फिलोमिनामावशीला वाटलं, मास्तर त्यांच्या मंडळीतले, राहेलबाई जातच असतील. राहेलबाईंनी मावशीला पेजेचं भांडं घेऊन वलवणच्या रस्त्याने जाताना पाहिलं होतं. ती जात होती धरणावरच्या एका कॅथलिक मुकादमाकडे, पण यांनी समजूत करून घेतली, की मुलीला तिच्या माहेरच्या देवळातून मिळतं आहे, आपण मध्ये पडलो तर बरं दिसणार नाही. इकडे मी अंथरुणावरून दाराकडे बघत राहिले. मास्तरांच्या छातीत घरघर लागली होती, ओठ काळसर पडू लागले होते, आणि शाळेमागच्या विहिरीपर्यंत जाण्याची ताकद माझ्या पायांत नव्हती. घरातला माठ कोरडा पडला होता. लांबून देवळाची घंटा ऐकू यायची तेव्हा मला रागच यायचा. मी देवाला म्हटलं, बाबा, शिक्षाच द्यायची तर मला दे, या माणसाने तुझं काय केलंय?

त्याच दिवशी भर दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर लाकडांची मोळी, लुगड्याचा काचा मारलेला. कुसगावची होती, हे मागाहून कळलं. एरवी ती बाजारात मोळी विकून परत जायची. बाजार बंद म्हणून कुठे गिऱ्हाईक भेटतंय का बघत आमच्या रस्त्याला आली होती. तिने विचारलं, "बाई, घोटभर पानी मिळंल का?" मी कोरड्या माठाकडे बोट केलं. तिने मोळी टाकली, आत डोकावली आणि म्हणाली, "आगं बया, हितं तर दोघं बी पडल्यात. कुनी न्हाई व्हय तुमाला?" कोपऱ्यातली कळशी उचलून ती गेली. आल्यावर तिने आधी मास्तरांचे ओठ भिजवले, मग मला पाजलं आणि सगळ्यात शेवटी स्वतः प्याली. पाणी मागायला आलेल्या त्या बाईने आम्हालाच पाणी पाजलं. अजूनही ते आठवलं की मी देवाचे आभार मानते, त्या दुपारी तिला तहान लागली म्हणून.

"तुमचं कोन हाय तितं लोनावळ्यात?" तिने विचारलं. मी कशीबशी एवढंच म्हणाले, "देवळात सांगा." कुठलं देऊळ ते सांगायला हवं होतं, पण तेवढा दम शिल्लक नव्हता. आमच्या भिंतीवरचा क्रूस पाहून ती तसल्याच क्रूसाचं देऊळ शोधत गेली आणि आधी भेटली फिलोमिनामावशीला. मावशी म्हणाली, ते घर आमच्याकडे नाही, पाळकांकडे जा. पाळकांकडे गेली तर राहेलबाई म्हणाल्या, तिथे तर घंटावाल्याची बायको जाते. त्यावर ही बाई अशी भडकली, की तिने राहेलबाईंचा हात धरून त्यांना भर रस्त्याने मावशीच्या अंगणात नेऊन उभं केलं. "आता तुमी दोघी ठरवा," ती म्हणाली, "पर चालता चालता ठरवा. तितं मानूस मरतंय!"

संध्याकाळच्या आत दोघी एकत्र आमच्या घरात आल्या. मावशीने चूल पेटवून पेज टाकली. राहेलबाईंनी जवस वाटून त्याचं गरम पोटीस करून मास्तरांच्या छातीवर बांधलं. दोघी एकमेकींशी अगदी कामापुरतं बोलत होत्या. सगळं करून झालं तरी घरघर काही थांबेना. तेव्हा राहेलबाई गुडघ्यांवर बसल्या आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणू लागल्या. मावशी दाराशीच राहिली. त्या काळी आमच्यात परक्या पंथाबरोबर प्रार्थना करायची बंदी होती, आणि मावशी तर फादरांना देवासारखं मानणारी. थोडा वेळ ती पदराशी चाळा करत राहिली. मग एकदम येऊन राहेलबाईंना खेटून बसली आणि मोठ्याने म्हणू लागली. ती प्रार्थना दोन्हीकडे सारखीच, फक्त शेवटी यांच्याकडे देवाच्या गौरवाची एक ओळ जास्त. मावशी आपल्या जागी थांबली. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून राहेलबाईही थांबल्या. तेव्हा मावशीच म्हणाली, "म्हणा की पुढचं. थांबलात का?" राहेलबाईंनी ती ओळ म्हटली आणि दोघींच्या तोंडून एकदमच आमेन आलं.

मला रडू फुटलं. कुठली बाजू खरी, यावरून इतकी वर्षं मी देवाशी भांडत होते. त्या घटकेला भांडायचं बळच उरलं नव्हतं, आणि ते उरलं नाही याचं मला हायसं वाटलं. तुला करायचं ते कर, मी तुझीच आहे, एवढंच मनात म्हणून मी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी मास्तरांना दरदरून घाम सुटला आणि ताप उतरला. पेजेचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "मीठ कमी आहे." उभ्या जन्मात कुठल्या तक्रारीचा मला एवढा आनंद झाला नव्हता.

त्यानंतर वाटणी मोडली. कॅथलिक देवळाच्या मागच्या अंगणात सणाच्या मोठ्या हंड्यांत एकच पेज शिजू लागली. तांदूळ दोन्हीकडून येई, औषध मिशनमधून येई, आणि प्रत्येक घरी एक तिकडची आणि एक इकडची अशा दोघी मिळून जात. ख्रिस्ती घरांपुरतंही ते राहिलं नाही. बाजारातली मुसलमान घरं, वलवणमधली शेतकऱ्यांची घरं, जिथे चूल पेटली नसेल तिथे त्या जात. उठून बसता आल्यावर मीही त्यांच्यात गेले. मी कुणाबरोबर जायचं, हा प्रश्न आता कुणी विचारला नाही.

साथ सरल्यावर लुगडं घेऊन मी कुसगावला त्या बाईला शोधत गेले. तिचं नाव धोंडाबाई. लुगडं काही ती घेईना. "पानी पाजल्याचं कुनी लुगडं घेतं व्हय?" म्हणाली. मी तिला दोन देवळांची सगळी हकीकत सांगितली, तर ती हसतच सुटली. "मला काय ठावं तुमचं दोन देवळं! मला वाटलं, दोघी सख्ख्या जावा हायेत आन् भांडान झालंया. जावांचं भांडान मी लय बघितलंया. घरात मानूस पडलं की मिटतंय."

हे मी दोघींना सांगितलं. दोघी पोट धरून हसल्या आणि तेव्हापासून एकमेकींना जाऊबाई म्हणू लागल्या. पुष्कळ वर्षांनी फिलोमिनामावशी गेली. राहेलबाई तेव्हा थकलेल्या, तरी काठी टेकत दफनभूमीत आल्या. नव्याने आलेल्या फादरांनी त्यांना कधी देवळात पाहिलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "आपण यांच्या कोण?"

"जाऊ," राहेलबाई म्हणाल्या, आणि पुढे होऊन त्यांनी मूठभर माती टाकली.