आभारप्रदर्शनाआधीची चिठ्ठी

निशिगंधाच्या हाराचा वास आला की मला सदाशिव पेठेतला एक समारंभ आठवतो आणि डोकं तापतं. कॅन्सरवरच्या संशोधनाचं कौतुक होतं. पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकावर मिथाइल नावाच्या रसायनाचं कुलूप बसतं आणि तोंडाचा कॅन्सर मोकाट सुटतो, हे प्रमुख पाहुण्यांनी तासभर सांगितलं. ज्यांच्या गाठींवर हे तपासलं, त्यांच्यापैकी माझे मामा पहिल्या रांगेत होते. ऑपरेशनमध्ये त्यांची जीभ गेली होती. त्यांना शाल-श्रीफळ देऊन निवेदिकाबाई म्हणाल्या, "आता आपण दोन शब्द बोलावेत!" मामांनी खिशातून, घरी माझ्यासमोर लिहिलेली चिठ्ठी काढून दिली: 'माझ्या मुलालाही हे होईल का?' बाईंनी ती न उघडताच माइकवर सांगितलं, "मामांच्या भावना आपल्यापर्यंत पोहोचल्या," आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. "अहो, वाचा तरी!" मी ओरडलो. शेजारच्या गृहस्थांनी मला सभ्यता शिकवली. शेवटी जिन्यात प्रयोगशाळेतल्या एका मुलीला मी तो प्रश्न विचारला. ती मामांकडे वळली. "काका, हे कुलूप सहसा वारशानं येत नाही. मुलाला तंबाखूपासून लांब ठेवा." एवढंच उत्तर होतं, आणि त्यासाठी मामांनी कित्येक महिने धड झोप घेतली नव्हती. आता मामा नाहीत. त्या व्यासपीठावरच्या कुणालाही मी अजून माफ केलेलं नाही.