पडवीतले कॅन

ती घटना आजही आठवली की माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नाही.

तेव्हा मी रोह्याच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. प्रदूषण रोखण्यात पेणचा भाग पुढे की रोह्याचा, हे ठरवायला सरकारी पथकाने दोन्हीकडच्या खाड्यांचं पाणी तपासलं. मागे पडेल त्या भागातल्या कारखान्यांना टाळं, असा हुकूम होता. निकाल उफराटा! रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांच्या खालच्या अंगाचं कुंडलिका खाडीचं पाणी स्वच्छ आणि पेणकडचं घाण. गणपतीचा हंगाम तोंडावर असताना पेणजवळच्या जोह्यातल्या मूर्तींच्या कारखान्यांना टाळं लागलं.

तिथला एक मूर्तिकार एसटीने येऊन थेट माझ्या टेबलापुढे उभा राहिला. "साहेब, आम्ही रंग वापरतो, नाय म्हणत नाय. पण रोह्याचं पाणी आमच्यापेक्षा साफ? गणपतीसुद्धा हसंल!"

त्याच आठवड्यात खबर लागली. खाडीवरच्या एका मच्छीमाराने सांगितलं, "पथक जेवाय बसलं तवा नमुन्याच्या पाण्याचं कॅन पडवीत तसंच व्हतं."

जेवण होतं खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या शेतकरी बाबांच्या घरी. खाडीच्या प्रदूषणाविरुद्ध अर्ज करून करून त्यांच्या चपला झिजल्या होत्या. पाहुण्याला उपाशी धाडायचं नाही, ही इथली रीत. पथकानेही ‘सील जेवल्यावर मारू’ म्हटलं. असल्या ‘नंतर करू’मुळेच निम्मे गुन्हे घडतात!

माझा संशय अर्थातच धाटावच्या एखाद्या कंपनीवर. पथकाच्या ड्रायव्हरचा जबाब घेतला, उलटसुलट विचारलं. तो म्हणाला, "मी भात दोनदा घेतला साहेब, यवढाच माझा गुन्हा."

शेवटी प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन करून विचारलं, त्या पाण्यात मीठ किती?

"मीठ कुठलं? हे तर पिण्याचं पाणी आहे हो!"

खाडीच्या पाण्यात मीठ नाही? म्हणजे पथक जेवलं त्या घरातलंच पाणी! बाबांनाच ठाण्यात बोलावलं, चहा दिला. "बाबा, कॅनमध्ये कुठलं पाणी भरलंत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "घरातल्या हंड्यातलं. चांगलं पाणी दावायचं तर गोडंच भरनार ना? पोरगा आत्ताच कंपनीत परमनंट झालाय, साहेब. निकाल वाईट आला तर कंपनी बंद व्हईल."

त्या खाडीत खेळून यांच्याच नातीच्या अंगावर चट्टे उठलेले. ते दाखवून यांनीच अधिकाऱ्यांना धारेवर धरलेलं. आणि यांनीच हे करावं? राग आला आणि कीवही.

गुन्हा दाखल केला. नमुने पुन्हा घेतले, जागेवर सील केले; या वेळी रोह्याचं पाणी घाण निघालं. मूर्तिकारांचे कारखाने उघडले, बाबांचा मुलगा कामाला होता ती कंपनी बंद झाली. फिर्यादी एक आणि आरोपी दुसरा, असंच मी नोकरीभर धरून चाललो होतो. पोट की पाणी, असं निवडायला लावलं तर एकच माणूस दोन्ही होतो, हे त्या दिवशी कळलं.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"व्हय," बाबा म्हणाले. "काय ती शिक्षा मला द्या. पन कंपनी परत चालू कराल तवा पाणी तेवढं साफ करा. नात तितंच खेळतेय."